लिस्बनमधला मोकळा दिवस : आम्ही दोघं, एक लांबलचक उतार आणि दोन तासांचं जेवण

गोदाकाठ – सोमवार, सकाळी ९.४०

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं चार दिवस लिस्बनला होतो. लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून मुलीने तिकिटं काढून दिली. ती नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. महिनाभर तिच्याकडे मुक्काम होता, त्यातले हे चार दिवस फक्त आमचे. पहिले तीन दिवस बेलें, सिंत्रा वगैरे नेहमीची ठिकाणं झाली, ती माहिती सगळीकडे मिळते. मला लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी आम्ही काहीही ठरवलं नव्हतं.

२०१७ साली आम्ही एका कंपनीबरोबर युरोप केला होता. नाव लिहीत नाही. अकरा दिवसांत सहा देश. पहाटे पाचला उठायचं, बॅगा दाराबाहेर, मग बस. त्या सहलीत आम्ही अकरा दिवस शेजारी शेजारी बसलो होतो आणि एकमेकांशी बोललो ते इतकंच : पासपोर्ट घेतलास ना, पाणी आहे का, गाईड कुठे गेला. घरी आल्यावर ते मला वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मनात होतं की पुन्हा संधी मिळाली तर एक तरी दिवस घड्याळ न बघता काढायचा.

लिस्बन सात टेकड्यांचं गाव म्हणतात. ह्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, त्यामुळे मला चढांची धास्ती होती. मुलीच्या मैत्रिणीने अगदी साधी युक्ती सांगितली : खोली वरच्या अंगाला घ्या, दिवसभर उतरत राहा, परत येताना चढ ट्रामवर सोडा. म्हणून आम्ही ग्रासा भागात राहिलो. २८ नंबरची पिवळी ट्राम तिथूनच जाते.

सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. कॉफी मागितली की इवल्याशा कपात कडक काढा येतो, त्याला लिस्बनमध्ये 'बिका' म्हणतात. दुधाची हवी तर 'गलांव' मागायची, ती काचेच्या उंच पेल्यात देतात. ह्यांना चहाच लागतो. चहाला तिथे 'शा' म्हणतात, पावाला 'पांव'. जाड कापलेला, लोण्यात भाजलेला पाव समोर आला तेव्हा दुकानदाराला मी म्हटलं, आम्हीही पावच म्हणतो. त्याला ते कळायला जरा वेळ लागला. मग त्याने बटाटा, चावी, बादली अशा एकेका वस्तूकडे बोट दाखवून मला विचारायला सुरुवात केली. बताता, शावि, बाल्दि. शेजारी पेपर वाचणारे एक आजोबाही त्यात सामील झाले. पाऊण तास तिथेच गेला.

तिथून ग्रासाच्या सज्जावर आलो. डोंगराच्या कडेला बांधलेल्या अशा मोकळ्या जागांना तिकडे 'मिरादोरु' म्हणतात. छत्रीसारख्या पाइन झाडांची सावली, समोर किल्ला, खाली लाल कौलं आणि त्यापलीकडे तेजू नदी. आपण जिला टेगस म्हणतो ती हीच. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नदी दिसली की त्यांची नजर हलत नाही. गावाच्या वरच्या अंगाला ही नदी समुद्रासारखी पसरते आणि मुखाजवळ पुन्हा अरुंद होते. त्या अरुंद जागेवर लाल झुलता पूल आहे, १९६६ सालचा, २,२७७ मीटर लांब. आधी त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ साली २५ एप्रिलला ती राजवट उलथली आणि पुलाचं नाव '२५ एप्रिल' झालं. हे मला बोटाने हवेत रेघा ओढून सांगत होते की भरतीचं पाणी कुठवर चढत असेल, गाळ कुठे बसत असेल. नोकरीत असताना ते घरी येऊन कामाबद्दल कधी बोलत नसत. तिथल्या बाकावर आम्ही चाळीस मिनिटं बसलो आणि ३५ वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की त्यांना त्यांच्या कामातलं नेमकं काय आवडायचं.

मग उतरायला लागलो. लिस्बनचे पदपथ मुठीएवढ्या दगडांचे असतात, पांढरा चुनखडीचा आणि नक्षीपुरता काळा बेसाल्ट. एका वळणावर दुरुस्ती चालली होती. एक माणूस बुटक्या स्टुलावर बसला होता. डाव्या तळहातावर दगड, उजव्या हातात छोटी हातोडी. दगड फिरवून बघायचा, दोन टोले, एक कोपरा उडवायचा, खाली वाळूत बसवायचा, वरून एक टोला. बसला नाही तर काढून पुन्हा. एकाही दगडाचं माप घेत नव्हता. हे वाकून बघताहेत हे लक्षात आल्यावर त्याने हातातला दगड ह्यांच्या तळहातावर ठेवला. ह्यांनी फिरवून कोणती बाजू खाली यायला हवी ते दाखवलं, त्याने मान हलवली आणि तो तसाच बसवला. दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळत नव्हता. (पावसात हे दगड फार निसरडे होतात. रबरी तळाचे बूट घालूनच जा.)

सांता लुझियाच्या सज्जावर बोगनवेल फुललेली होती आणि चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं मोठं चित्र : नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता ते. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली, मग कित्येक दिवस आग. राजवाडा गेला, तरी त्या चौकाला जुनी माणसं अजून 'तेरेइरु दु पासु' म्हणजे राजवाड्यापुढचं पटांगण म्हणतात. अल्फामा ह्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या मात्र बऱ्याचशा वाचल्या, म्हणून त्या इतक्या वेड्यावाकड्या.

'सॅ' म्हणजे तिथलं जुनं कॅथेड्रल, बाराव्या शतकातलं. आम्ही पोचलो आणि दुपारच्या घंटा सुरू झाल्या. आम्ही नाशिकचे. नारोशंकराची घंटा ऐकत मोठे झालो, आणि ती वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली, हे लहानपणापासून ऐकत आलो. हे रस्त्यातच थांबले आणि मला म्हणाले, "आवाज ओळखलास?" मला अंगावर काटा आला.

जेवायला एका अरुंद गल्लीत शिरलो. आठ टेबलांची घरगुती खाणावळ, अशा जागेला 'ताश्का' म्हणतात. दारावर कागदावर हाताने लिहिलेला बेत. वर लिहिलेलं असतं 'प्रातु दु दिआ', दिवसाची थाळी. आपली परात ह्याच 'प्रातु'वरून आली. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

आम्ही सावकाश मागवत गेलो. आधी 'काल्दु व्हेर्दि' : बटाट्याचं दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीच्या जातीची हिरवी पानं. मग ह्यांना 'बाकल्याउ आ ब्राश' म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, भिजवून, उकडून, धागे काढून. त्यात कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, वरून फेटलेलं अंडं आणि काळे ऑलिव्ह. मला निखाऱ्यावर भाजलेली सार्डिन, म्हणजे आपली तारली. जाड मीठ लावून अख्खी भाजतात. कातडी फुगून करपलेली असते, सुरी लावली की काट्यापासून मांस सुटून येतं आणि त्याखालच्या पावात तेल मुरतं. तो पाव मी शेवटी खाल्ला. जूनमध्ये सार्डिन चरबीने भरलेली असतात.

खाता खाता माझ्या लक्षात आलं की मी उठले नाहीये. घरी मी ह्यांना गरम पोळी वाढते, मग मुलांना, आधी सासूबाईंना, आणि माझं पान शेवटी. सोबत बसलो तरी मी चारदा उठते. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत समोरासमोर बसून आम्ही किती वेळा जेवलो असू? हे मी ह्यांना म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्यांच्या ताटलीतला कॉड माझ्याकडे सारला आणि माझ्या सार्डिनचे काटे काढायला घेतले.

खिडकीत एक छोटी कुंडी होती, बारीक पानांची तुळस, गोल चेंडूसारखी छाटलेली, वर कागदी फूल खोचलेलं. तिला 'मांझेरिकु' म्हणतात. १२-१३ जूनला सेंट अँथनीचा सण असतो, तेव्हा एकमेकांना देतात. मी वास घ्यायला वाकले तर मालकीणबाईंनी पटकन माझा हात धरला, तळवा पानांवरून हलकेच फिरवला आणि तो तळवा माझ्या नाकाशी नेला. नाक लावायचं नाही, रोप मरतं, अशी त्यांची समजूत. आम्हीही तुळशीला कुठल्याही वेळी हात लावत नाही हे मी खुणेने सांगायचा प्रयत्न केला. कळलं असावं, कारण त्यांनी छातीवर हात ठेवला.

दोन तास दहा मिनिटं. दोघांचं ३१ युरो.

दुपारी त्या राजवाड्यापुढच्या पटांगणावर गेलो आणि नदीत उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर बसलो. दोन खांब पाण्यात उभे आहेत. भरती येत होती, एकेक पायरी बुडत होती. संध्याकाळी काइश दु सोद्रेहून होडीने पलीकडे काकिल्याशला गेलो. दहा मिनिटांचा प्रवास, साधी रोजची प्रवासी बोट. पलीकडून अख्खं लिस्बन उन्हात दिसतं. सूर्य मावळायला नऊ वाजले.

रात्री अल्फामात फादु, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला. छोटी खोली, दिवे मंद केले, वाढणं थांबलं. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार आणि काळी शाल पांघरलेली साठीची बाई, माईक नाही. गाणं चालू असताना कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. शब्द कळले नाहीत. तिसऱ्या गाण्याला ह्यांनी डोळे पुसले.

धागा काढायचं कारण : पुढच्या वर्षी माझी बहीण आणि मेहुणे जाणार आहेत, दोघंही सत्तरीकडे. तिथे राहणाऱ्यांनी चढाला पर्याय असतील तर सांगा.

---

निशिगंध – सोमवार, १०.१५

ताई, "मी उठले नाहीये" इथे थांबले आणि परत वाचलं. आईला फोन केला आत्ता. बाकी प्रतिसाद नंतर.

---

तेजूकाठचा_मी – सोमवार, दुपारी १.०५

काकू, सहा वर्षं लिस्बनमध्ये आहे, तुमचा धागा ऑफिसात बसून वाचला. चढांबद्दल :

रुआ दुश फांकेइरुश ह्या रस्त्यावर एका इमारतीत महापालिकेची लिफ्ट आहे, फुकट. ती रुआ दा मादालेनाला सोडते. तिथून थोडं चालल्यावर एका वाण्याच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, ती किल्ल्याच्या खालच्या अंगाला नेते. दोन लिफ्टमध्ये जवळजवळ अख्खी टेकडी चढून होते. तसंच बाइशाहून शियादूला चढायचं असेल तर बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडा. सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग बघायला छान, उभं राहायला नाही. १९०२ सालची आहे, खालून बघा.

२८ नंबर ट्राम : सकाळी आठच्या आत, मार्तिं मोनिशला सुरुवातीच्या थांब्यावर चढा, बसायला मिळतं. दहानंतर उभ्याने, आणि खिसेकापू नेमके तेव्हाच. पाकीट पुढच्या खिशात. १२ नंबरची ट्रामही अल्फामाला वळसा घालते, तिला गर्दी कमी.

एक गोष्ट मनापासून सांगतो, राग मानू नका. ग्रासा, अल्फामा, मोरारिया ह्या भागांतली घरं गेल्या काही वर्षांत पर्यटकांना दिवसांवर भाड्याने जायला लागली आणि तिथलीच माणसं भाडं परवडत नाही म्हणून लांब गेली. माझ्या जुन्या घराच्या जिन्यात पाच बिऱ्हाडं होती, आता दोन. रात्री अकराला दगडांवरून चाकांच्या बॅगा ओढल्या की उरलेल्या आजी खिडकी उघडतात. बहिणीला सांगा, शक्य तर साधं लहान हॉटेल घ्या, आणि रात्रीच्या विमानाने येऊ नका.

---

गोदाकाठ – सोमवार, १.५०

राग कसला, बरं झालं सांगितलंत. आमच्या जिन्यातही दाराला चाव्या ठेवायच्या, आकड्यांच्या कुलपाच्या पेट्या लावलेल्या होत्या, त्यांचा अर्थ आत्ता लागला. समोरच्या आजींना आम्ही रोज 'बोम दिआ' म्हणायचो, त्या फक्त मान हलवायच्या. बहिणीसाठी हॉटेलच बघू.

---

तुळशीबाग – सोमवार, ३.२०

फार सुंदर. माझा प्रश्न जरा कोरडा आहे. सासू-सासरे पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सूप चालेल का? आणि लिस्बनमध्ये समोसे सगळीकडे मिळतात असं वाचलं होतं.

---

तेजूकाठचा_मी – सोमवार, ४.००

समोसा मिळतो, 'शामुसा' म्हणतात, गोव्याहून आणि मोझांबिकहून इथे पोचला. पण बहुतेक ठिकाणी आत खिमा असतो! भाजीचा आहे का हे विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. काल्दु व्हेर्दित शेवटी डुकराच्या सॉसेजची चकती घालतात, काही ठिकाणी आधीच शिजवतात. 'सोपा दि लेगुमिश' म्हणजे भाज्यांचं सूप जास्त सुरक्षित, तरी विचारा. वाक्य पाठ करा : "सें कार्नि, सें पैशि, सें ओव्हु", म्हणजे मांस नको, मासा नको, अंडं नको.

गोडाचं अवघड आहे. मठांतल्या जोगिणी पिवळ्या बलकाचे पदार्थ करायच्या, तेच इथलं पक्वान्न झालं. 'तोसिन्यु दु सेऊ' नावाचं बदामाचं गोड आहे, नावाचाच अर्थ स्वर्गातली डुकराची चरबी. फळं घ्या. चेरी आणि मोठाले पीच जूनमध्ये सुरेख असतात. भारतीय, नेपाळी खानावळी मार्तिं मोनिशच्या आसपास खूप आहेत.

---

मांडवीपार – सोमवार, रात्री ८.३०

पणजीहून. गोदाताई, 'सॅ' वाचून बरं वाटलं, आमच्या जुन्या गोव्याचं 'से' तेच. बलकाचं वर आलंय तर बिबिंकाही तसलीच, एकेक थर भाजत बसायचं. फादुचं म्हणाल तर आमच्याकडे मांडो आहे, तशीच हुरहूर, पण मांडोला जोड्या समोरासमोर पावलं टाकतात. फादु गोव्यातही जिवंत आहे. सोनिया शिरसाट फोंड्याच्या, त्यांचा कार्यक्रम चुकवू नका.

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले. १९६१ नंतर त्यांचे दोन भाऊ लिस्बनला गेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चुलत आजीने शागुती वाढली, आणि ती माझ्या आईच्या शागुतीसारखीच होती, फक्त खोबरं डब्यातलं.

---

सह्यभटक – मंगळवार, सकाळी ७.१०

लिस्बनबद्दल एवढं लिहून बेलें एका शब्दात उडवलंत! तिथल्या जेरोनिमुश मठातली दगडावरची दोरखंडं, पोवळी, गाठी असली नक्षी क्वचितच बघायला मिळते. आणि दाराशी वास्को द गामाची कबर. बहिणीला तिथे अर्धा दिवस तरी ठेवायला सांगा. सोमवारी मठ बंद असतो.

---

मांडवीपार – मंगळवार, ९.००

नक्षी खरंच अप्रतिम. कबरीबद्दल मात्र मला बोलायचंय. १५०२ साली ह्याच माणसाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. आमच्या एका शहराला अजून त्याचं नाव आहे. मी त्या कबरीपुढे उभी राहिले, बघितलं, आणि निघाले. लोक तिथे हसत फोटो काढत होते, ते मला जड गेलं. बघू नका असं म्हणत नाही. माहीत असून बघा.

---

सह्यभटक – मंगळवार, ९.३५

त्या जहाजाबद्दल मला माहीत नव्हतं. काल रात्रीच कबरीजवळचा माझा फोटो बघत होतो. धन्यवाद, वाचतो ह्यावर.

---

गोदाकाठ – मंगळवार, ११.२०

बेलें उडवलं नाही हो, आदल्या दिवशी गेलो होतो. मांडवीपार, तुमचं वाचून आमचं सांगते. २०१२ साली आम्ही कोचीला सेंट फ्रान्सिस चर्च बघितलं होतं. गामा १५२४ला कोचीत वारला, तिथेच पुरला, आणि नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. कोचीत नुसती रिकामी जागा आणि तिच्याभोवती कठडा. त्यामुळे बेलेंला ती कोरीव कबर बघताना माझ्या डोळ्यासमोर तो कठडाच येत होता. हे तेवढ्यात म्हणाले की इतका लांब आला, इतक्यांना मारलं, आणि शेवटी एकाहून जास्त ठिकाणी पुरला गेला. आम्हीही फोटो काढला नाही.

तिथली बेकरी मात्र सांगायलाच हवी. १८३७ पासूनची, 'पश्तेल'ची, म्हणजे बलकाचं गोड सारण भरलेल्या पापुद्र्याच्या वाट्यांची. बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागे खोल्या आहेत, तिथे आम्हाला लगेच जागा मिळाली. पश्तेल गरमच खायचं : वरचा करपट डाग, दालचिनी, आणि दात लागल्यावर पापुद्र्यांचा आवाज. ह्यांनी चार खाल्ली, साखर असून. मी काही बोलले नाही.

---

नगरी_नाना – मंगळवार, दुपारी २.४५

लेखन छान, पण मला पटत नाही. व्हिसा, विमान, राहणं धरून माणसाचा लाखा-लाखांनी खर्च होतो. आमच्यासारख्यांचं आयुष्यात एकदाच जाणं होणार. तिथे जाऊन दोन तास जेवत आणि पायरीवर बसून राहायचं? बसायला आपल्याकडे गोदाकाठ आहे. मी तर म्हणेन, जमेल तेवढं बघून घ्यावं.

---

गोदाकाठ – मंगळवार, ४.१०

नाना, तुमचं म्हणणं मला समजतं, २०१७ला आम्हीही असंच म्हणून गेलो होतो. मुलीने खर्च केला म्हणून मी हे बोलू शकते हेही खरं. पण गोदाकाठी मी बसत नाही. घाटावर गेले तरी दूध उतू जाईल, गॅस सिलिंडरवाला येईल, हे डोक्यात असतं. तिथे माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. आणि चारातला एकच दिवस असा होता, तीन दिवस आम्ही तुमच्यासारखंच बघत फिरलो. त्या तीन दिवसांतलं सिंत्राच्या राजवाड्याचं छत मला आत्ता आठवत नाही. ह्यांनी काढलेले काटे ताटलीच्या कडेला कसे रचले होते, ते आठवतं.

---

नगरी_नाना – मंगळवार, ५.००

बरं. आमच्या मंडळींना वाचून दाखवतो.

---

वसईकर – मंगळवार, रात्री ९.१५

घंटांवरून राहवलं नाही. वसईचा किल्ला १७३९ला चिमाजी अप्पांनी घेतला तेव्हा चर्चमधल्या घंटा सरदारांनी ठिकठिकाणी देवळांत नेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकची तुम्ही सांगितलीत, आणखीही आहेत. आमच्या गावात लहानपणी आजी म्हणायची, आपल्या घंटा अजून वाजताहेत, फक्त दुसऱ्या देवासाठी. ती हे कधी रागाने म्हणाली नाही. लिस्बनला सॅच्या दारात मलाही तेच आठवलं होतं, पण उलट्या बाजूने.

रॉसियो चौकाजवळ सांव दोमिंगुश चर्च आहे, तिथेही जायला सांगा. १९५९ला आत आग लागली, खांब तडकले, काळे पडले, ते तसेच ठेवलेत. बाहेरच्या चौकात १५०६ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. समोरच 'जिंजिन्या'चं उभं राहून प्यायचं इवलंसं दुकान, आंबट चेरीची दारू. फळासकट हवी की फळाशिवाय एवढंच विचारतात.

---

गोदाकाठ – मंगळवार, १०.००

तुमच्या आजीचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उद्या नारोशंकराला जाऊन येऊ.

---

निशिगंध – बुधवार, सकाळी ८.०५

परत आले. आई म्हणाली, त्या ताईंना विचार, खाणावळ नेमकी कुठली? आम्ही नोव्हेंबरात जातोय, फक्त मी आणि आई.

---

गोदाकाठ – बुधवार, ९.१०

निशिगंध, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. उघड लिहीत नाही, आठच टेबलं आहेत त्यांची. नोव्हेंबरात ताजी सार्डिन नसतील बहुधा, पण ती गल्ल्यांत भाजलेल्या चेस्टनटची वेळ, असं मालकीणबाईंनी आम्हाला खुणेने सांगितलं होतं. तेजूकाठ, तुम्हालाही व्यनि करते. तुम्ही जवळच असाल तर त्यांना माझा निरोप द्याल का? नाव नाही सांगता आलं. हिरवी साडी, तुळशीचा वास घेणारी, असं सांगा.

---

तेजूकाठचा_मी – शनिवार, संध्याकाळी ७.३०

काकू, आज दुपारी गेलो होतो. साडी म्हटल्याबरोबर ओळखलं. सण झाला तरी मांझेरिकु अजून जिवंत आहे, त्यांनी मला कुंडी आणून दाखवली. मग हाताने स्वतःचा गुडघा दाखवून विचारलं की सेन्योर कसे आहेत? त्यांच्या नवऱ्याचंही तेच ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, घाबरलेत.

---

गोदाकाठ – शनिवार, ८.१५

त्यांना सांगा, घाबरू नका म्हणावं. पहिले दीड महिने जड जातात, व्यायाम एक दिवसही सोडायचा नाही. आणि सांगा, सेन्योर काल सकाळी पांडवलेणी चढून आले. दोनदा बसले वाटेत, पण चढून आले.